पेटीवरची लाल झेंडी

"मॅडम, तुमच्या नवऱ्याचा अर्ज पासपोर्ट खात्यात आलेलाच नाही," खासदारांच्या कचेरीतली मुलगी फोनवर म्हणाली. "उशीर वगैरे नाही. अर्जच नाही. आम्ही दोनदा बघितलं."

पासपोर्ट अडला की खासदाराची कचेरी गाठायची, हे अमेरिकेतल्या आयोवात सगळ्यांना ठाऊक असतं. गेले दोन महिने डोरीन आठवड्यातून तीनदा याच मुलीला फैलावर घेत होती. सरकार झोपलंय, आम्ही कर कशाला भरतो, असं बरंच काही बोलून झालं होतं. आणि पोर्तुगालचं विमान सहा दिवसांवर आलं होतं.

तिने मुलीची माफी मागितली. फोन ठेवला आणि तिला फेब्रुवारीतली ती सकाळ आठवली. नूतनीकरणाचे अर्ज आणि जुने पासपोर्ट घातलेली दोघांची दोन पाकिटं तिने व्हर्जिलच्या हातात दिली होती. तो बर्फ तुडवत रस्त्यापर्यंत गेला, पाकिटं घराच्या टपालपेटीत ठेवली आणि आत न्यायचं टपाल आहे हे टपालवाल्या बाईला कळावं म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली. हे तिने खिडकीतून स्वतः पाहिलं होतं. तिचा पासपोर्ट एप्रिलमध्ये आलाही.

व्हर्जिल टेबलाशी बसून बटाटे खात होता.

"तुझं पाकीट कुठंय?"

"गॅरेजमध्ये. खिळ्यांच्या डब्यामागे." त्याने काटासुद्धा खाली ठेवला नाही. "तू आंघोळीला गेलीस तेव्हा माझं तेवढं काढून घेतलं. झेंडी राहू दिली."

डोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्ष ती सहलीच्या निळ्या फाइलमध्ये एकेक कागद लावत होती. खोल्या, गाड्या, डोंगरातल्या गावाला जाणारी दिवसातली एकुलती एक बस. या वयात ती फोनवरून पोर्तुगीज शिकली होती.

"मी शंभरदा सांगितलं, जायचंच तर टूरवाल्यांबरोबर जाऊ," व्हर्जिल म्हणाला. "ते बसमध्ये बसवतात, वेळेवर खायला घालतात. तुला सगळं आपलं आपण करायची हौस. तिथे हरवलो म्हणजे?"

"मग माझं पाकीट का नाही काढलंस?"

"तू एकटी थोडीच जाणार आहेस!" तो चक्क हसला. "एक्केचाळीस वर्षांत इथल्या डे मॉईन शहरातसुद्धा एकटी गेली नाहीस."

हे खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. तिने त्याची अर्धी भरलेली ताटली उचलली आणि सिंकमध्ये आदळली.

"कार्लाला सगळं लिहून कळवते. आपला बाप काय चीज आहे ते कळू दे तिला."

व्हर्जिलचं हसू मावळलं. डेन्व्हरला राहणारी ही लेक सोडली, तर तो कुणाला भीक घालत नसे.

पुढचे पाच दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. निळी फाइल टेबलावरून नाहीशी झाली. व्हर्जिलला ते बरं लक्षण वाटलं. राग ओसरेल, ऑगस्टमध्ये जत्रेला नेऊ हिला, असं त्याने मनात ठरवूनही टाकलं.

सहाव्या दिवशी तो उशिरा उठला. गाडी दारातच होती, म्हणजे डोरीन शेजारणीबरोबर बाजारात गेली असणार. त्याने कॉफी ओतली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. पेटीची लाल झेंडी वर होती.

लिहिलंच हिने शेवटी.

टपालवाली दहाला यायची. दहाला पाच कमी होते. व्हर्जिल सपाता घालूनच धावला, कुत्रा त्याच्यामागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून त्याने पेटी उघडली आणि पाकीट बाहेर ओढलं.

त्यावर नाव त्याचंच होतं.

आत निळ्या फाइलमधला एक कागद होता. "कुत्र्याची गोळी सकाळ-संध्याकाळ. कचरा मंगळवारी. मी सव्वीसला परत येते. चिठ्ठी टेबलावरही ठेवता आली असती, पण पेटीतलं तू हमखास काढतोस."