दुसरा धक्का

परसात पुरलेल्या, जमिनीचे हादरे टिपणाऱ्या त्या यंत्राचा गोपीनाथला पहिल्या दिवसापासून संशय होता. मोजमाप करायला येणारा माणूस पुढे जमीनच मागतो, हे शीळफाट्याच्या आसपास शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात मुलगा देवेश रोज कान भरायचा, "आप्पा, उपटून टाका तो डबा. आपलं बोलणं ऐकतात ते."

पण दुपारी मध्येच, कसलाही आवाज नसताना, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. देवेश म्हणायचा, भूकंप. तेवढ्यासाठीच गोपीनाथने यंत्र राहू दिलं होतं. ते बसवणारी कॉलेजची रुचिता आज आली, तसं त्याने विचारलं, "बाय, भूकंपच हाय ना?"

"नाही काका." तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हा पहिला धक्का जमिनीतून आला. मागून आलेला हा दुसरा मात्र हवेतून. कानाला ऐकू येत नाही इतका खालचा आवाज, पण जमीन हलवतो. असा भूकंप नसतो. कुणीतरी सुरुंग लावतंय."

"कुठं?"

तिने टेकडीपलीकडे बोट केलं. तिकडे एकच खदाण होती, देवेशची. दगड उडून मजूर मेला तेव्हापासून बंद. पुन्हा सुरुंग लावणार नाही, अशी शपथ त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती.

गोपीनाथने लॅपटॉपचं झाकण हाताने खाली केलं.

"तुझा डबा बिघडलाय, बाय," तो म्हणाला. "आजच काढून ने. मला तर काय ऐकू नाय आलं."