तन्वीचा एकच शब्द

"आपकी तन्वी पहले कितनी सीधी थी!" मुख्याध्यापक प्रांजलीवर तडकले. आता ती ज्याला त्याला 'नको' म्हणत होती. विशेष मुलांच्या गरिमा मॅडमनी वर्षभरात तिला एवढा एकच शब्द शिकवला होता, तोही तिच्या घरचा, मराठी! मॅडमना काढायची तक्रार टाइप होऊन तयार होती. आई म्हणून प्रांजलीची सही तेवढी हवी होती.

"सर, चौदा वर्षांची आहे ती," प्रांजली हिंदीत म्हणाली. "परवा फूलबागेपाशी बाकीची मुलं उतरल्यावर व्हॅनवाला तिला म्हणाला, ये, माझ्या मांडीवर बस. ती 'नको' म्हणून एवढ्या जोरात ओरडली, की रस्त्यावरची माणसं धावत आली. तुमची ती सीधी तन्वी निमूट बसली असती."

मुख्याध्यापकांनी कागद पुन्हा पुढे सरकवला.

इतका वेळ हिंदीत बोलणारी प्रांजली ठणकावून म्हणाली, "नको!"