पाच की वीस

केयूरने दोन्ही कॅन बाबांच्या पलंगाशेजारी आणून ठेवले. दोन्ही पत्र्याचे, हिरव्या रंगाचे. एक वीस लिटरचा, दुसरा पाचचा. दोन्ही घरी न्या, हवा तो ठेवा, दुसरा परत आणा, असं दुकानदार म्हणाला होता.

"प्लास्टिकचा बघितलाच नाही," केयूर म्हणाला. "पंपवाला त्यात पेट्रोल देत नाही. जनरेटर दुपारी येतोय. तो मागच्या अंगणात, पत्र्याखाली. आणि कॅन त्याच्यापासून लांब, जुन्या न्हाणीघरात. तिथे झरोका आहे, ऊन लागत नाही. बोल आई, कुठला ठेवू?"

क्षमा नंदकुमारांच्या ओठांवरून ओलं फडकं फिरवत होती. तिने दोन्ही कॅनकडे बघितलं.

नंदकुमारांनी आयुष्यभर पार्ल्यातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवली होती. मग आजार आला. आधी हात गेले, मग पाय, मग आवाज. आता गळ्यातल्या नळीतून मशीन त्यांना श्वास देत होतं. हलायचे ते फक्त डोळे आणि पापण्या. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही.

काल सकाळी गल्लीच्या तोंडाशी खोदकाम करणाऱ्यांनी विजेची केबल तोडली. इन्व्हर्टर दुपारपर्यंत चालला. मशीनच्या आतली बॅटरी त्यानंतर थोडा वेळ. मग मशीन कोकलायला लागलं. दिवसभराची बाई, शकु, अँब्युलन्स गाठायला नाक्यावर धावली. क्षमाने नळीला रबरी पिशवी जोडली आणि हाताने दाबायला लागली. दाब, सोड. दाब, सोड. अँब्युलन्सच्या आधी लाइट आली. पण तेव्हापासून क्षमाच्या बोटांना काही कळत नव्हतं. आज सकाळी चहाचा कप हातात धरूनही तो गरम आहे की गार, हे तिला सांगता आलं नसतं.

केयूर मुलुंडहून रात्रीच येऊन पोचला होता. त्याला तिने एवढंच सांगितलं होतं. पुढचं नाही.

काल ती पिशवी दाबत असताना नंदकुमार तिच्याकडे एकटक बघत होते. तिने विचारलं, "दुखतंय का?" पापण्या दोनदा मिटल्या. "हळू दाबू?" पुन्हा दोनदा. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी होतं, ते काही केल्या तिला ओळखता येईना. शेवटी तिने विचारलं, "थांबू?"

नंदकुमारांनी पापण्या एकदाच मिटल्या.

ती थांबली नाही. नजर वळवली, समोरच्या भिंतीकडे बघत दाबत राहिली. लाइट आल्यावर शकुने देवापुढे दिवा लावला. क्षमाने मशीन जोडलं, चादर नीट केली, स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. रडू आलं नाही. येईल म्हणून ती थोडा वेळ ओट्यापाशी उभी राहिली, पण आलं नाही.

"मला विचारशील तर मोठा," केयूर म्हणत होता. "लहान कॅन म्हणजे चार-पाच तास, बस. मोठा असला की पूर्ण दिवस निघतो. मी इथे नसतो, शकु संध्याकाळी जाते, तू एकटी. पेट्रोल आणायला कोण जाणार? कालचं परत झालं तर?"

क्षमाने फडकं पुन्हा पाण्यात बुडवून पिळलं.

"बाबांनाच विचारू," तो म्हणाला आणि वाकला. "केमिस्ट्री तुमची, बाबा. सांगा. मोठा ठेवू?"

नंदकुमारांनी पापण्या मिटल्या. उघडल्या. पुन्हा मिटल्या.

"नाही? मग लहान?"

एकदा.

केयूर हसला. "बघ! मला वाटलंच होतं. घरात वीस लिटर पेट्रोल म्हणजे बाबांना झोप लागायची नाही. वाफ साठते, ठिणगी पडते. लहानपणी मला साधी फुलबाजीसुद्धा खिडकीजवळ लावू द्यायचे नाहीत, आठवतंय?"

"हो," क्षमा म्हणाली.

"पण त्यांचं ऐकायचं की नाही, ते तू ठरव, आई. रात्री जागायचं तुला आहे. हवं तर मी न्हाणीघराला लोखंडी दार बसवून देतो. रेतीची बादली ठेवू. काही होत नाही."

त्याचा चेहरा झोप न झाल्याने सुजलेला होता. काल मुलुंडहून येताना त्याने वाटेतून किती वेळा फोन केले, बाबा आहेत ना, आहेत ना, असं विचारत. ते सगळं क्षमाला दिसत होतं, पण काचेपलीकडून दिसावं तसं.

तिने नंदकुमारांकडे बघितलं. ते कॅनकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते. या वेळी तिने नजर वळवली नाही. मशीन एका लयीत श्वास देत होतं आणि काढून घेत होतं.

"लहान ठेव," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मोठा परत दे."

केयूरने खांदे उडवले. मोठा कॅन उचलला, चपला पायात सरकवल्या आणि दाराशी जाऊन पुन्हा वळला.

"आणि लाइट चार-पाच तासांहून जास्त वेळ गेली तर गं?"

क्षमाने फडक्याची घडी घातली. नंदकुमारांच्या उशीवर ठेवली.

"गेली तर गेली," ती म्हणाली.