पात्याचा रंग

सुऱ्या घडवण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आता तेच हात थरथरायला लागले होते. दोघी लेकींपैकी एकीला आज ती कारखान्याची किल्ली देणार होती. लाल तापवून तेलात विझवताना वाकडं झालेलं एक पातं तिनं धाकटीपुढे टाकलं.

"सरळ कर."

विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. मंद आचेवर दोन तास भाजून त्यावर पिवळी झाक आली, की मगच ते वाकवायचं. हे तर करडंच दिसत होतं.

"ताई, भाजलंयस ना गं हे?"

"अगं, चांगलं दोन तास. वाकव बिनधास्त."

धाकटीनं पातं शिकंज्यात आवळलं आणि जोर लावला. ते कडकन मोडलं. तुकडा तिच्या तळहातात घुसला.

आईनं हाताकडे बघितलंसुद्धा नाही. "रंग दिसला नव्हता तुला?"

"दिसला होता. पण ताई म्हणाली ना..."

आईनं किल्ली ताईच्या हातात ठेवली.

"खोटं का बोललीस गं?" धाकटी कळवळून ओरडली.

"तिच्यावर कशाला डोळे वटारतेस?" आई म्हणाली. "मीच तसं सांगितलं होतं तिला."