पहिला हुकूम

मुकुट डोक्यावर चढताच राणी लिओनी वळली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या काकांकडे बोट दाखवून म्हणाली, "ड्यूक ऑट्मारना अटक करा."

चर्चमध्ये कोणी हललं नाही. बारा वर्षं हाल्मार राज्याचा कारभार याच माणसाने सांभाळला होता. पण राज्याभिषेकानंतरचा पहिला हुकूम आणि त्यातून होणारी शिक्षा आमच्याकडे कोणालाच अडवता येत नाही, मंत्र्यांनाही नाही. ऑट्मार स्वतःच उठले. कमरेची तलवार सोडून त्यांनी शेजारच्या सैनिकाच्या हातात दिली आणि त्याच्या पुढे चालू लागले.

लिओनी सहा वर्षांची होती तेव्हा तिचे वडील, राजे कॉनराड, घसरगाडीसकट गोठलेल्या तळ्यात बुडाले. बर्फ पातळ होता, असं लोकांना सांगण्यात आलं. त्या सकाळी सगळा दरबार तळ्यावर होता. एकटे ऑट्मार तापाचं कारण सांगून राजवाड्यात थांबले होते.

खरं काय ते तिला वाल्बाने सांगितलं. लिओनीची आई बाळंतपणातच गेली होती. तेव्हापासून या दायीनेच तिला वाढवलं. केस विंचरता विंचरता वाल्बा सांगायची, "बर्फ पातळ नव्हता, बाळ. आदल्या संध्याकाळी करवतीने कापला होता. वर भुसभुशीत हिम पसरलं, सुरक्षित वाटेच्या खुणेचे झेंडे उपटून भलतीकडे रोवले. तुझ्या काकांची माणसं होती. मी या डोळ्यांनी पाहिलंय."

गोष्ट दर वेळी तीच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

आणि काकांचं वागणं तरी कसं होतं? लिओनीच्या दाराशी कायम पहारा. तळ्याकडे फिरकायची बंदी. तिच्या ताटातला पहिला घास दुसऱ्याने खायचा, मग तिने. हसणं नाही, लाड नाहीत. एकदा तर त्यांनी वाल्बालाही घालवून द्यायचं ठरवलं होतं. लिओनीने अन्नपाणी सोडलं तेव्हा कुठे ते नमले.

"त्यांना मी डोळ्यांत सलते गं," वाल्बा तेव्हा म्हणाली होती. "मला सगळं ठाऊक आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिओनी कोठडीत गेली. ऑट्मार बाकावर बसले होते. ती दिसताच ते उभे राहिले.

"माझ्या वडिलांना का मारलंत?"

"मी नाही मारलं."

"बर्फ पातळ होता म्हणा ना मग."

"नाही. कापलेला होता. ताप उतरल्यावर मी तळ्यावर गेलो होतो. कडा सरळ होत्या."

लिओनीला हेच ऐकायचं होतं. "म्हणजे ठाऊक होतं. आणि बारा वर्षं गप्प बसलात."

"कापणारा कोण ते कळलं असतं तर बसलो नसतो."

"छान. अजून काही?"

"माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणणार नाही. तुझ्याशी धड दोन शब्द बोलायलाही मला कधी जमलं नाही." त्यांनी तिच्या उघड्या गळ्याकडे पाहिलं. "बाहेर वारा आहे. खिडकीत उभी राहू नकोस."

"मी खिडकीतच उभी राहणार आहे, काका. तुम्हाला दिसेल अशी."

ती तशी उभी राहिली. भर दुपारी चौकात बंदुका वाजल्या. ऑट्मार पडले ते तिने शेवटपर्यंत पाहिलं. वडिलांना काळ्या पाण्यात किती वेळ श्वास कोंडावा लागला असेल, हा विचार तिने लहानपणापासून केला होता. काकांना त्या मानाने फार सोपं मरण आलं, असं तिला वाटलं. पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

दालनात येऊन तिने दाराचा पहारा उठवला. मग ती आरशासमोर बसली. वाल्बाने मुकुट उतरवून बाजूला ठेवला आणि कंगवा हातात घेतला.

"संपलं, वाल्बा," लिओनी म्हणाली. "आता तरी तुझा जीव शांत झाला?"

"झाला." वाल्बाने एक बट सोडवली. "तुला मातिसबद्दल कधी सांगितलं नाही मी. माझा मुलगा. त्या वर्षी दुष्काळ होता. त्याने तुमच्या जंगलात एक हरीण मारलं. तुझ्या वडिलांनी त्याला जंगलाच्या फाटकावरच फाशी दिलं. मी पाय धरले त्यांचे. म्हणाले, कायदा आहे."

लिओनी आरशात तिच्याकडे बघत राहिली.

"मातिस गेला तेव्हा तू पाळण्यात होतीस. मी थांबले. बर्फ कापायला माझे दोन्ही भाऊ आले होते, आता तेही गेले. झेंडे मी हलवले."

"काका..." लिओनीच्या तोंडून एवढंच निघालं.

"अख्ख्या दरबारात मातिससाठी बोलणारे ते एकटेच होते. माणूस चांगला होता." कंगवा केसांतून सावकाश खाली आला. "पण तुला तेवढं एकच माणूस उरलं होतं, बाळ. आणि ते मला तुझ्याच हातून जायला हवं होतं."

तिने कंगवा ठेवला. लिओनीच्या खांद्यावर पडलेला एक केस उचलून टाकला.

"आता बोलव शिपायांना. माझं आता कोणी नाही, तसं तुझंही नाही."