लाल बाकावरचे आजोबा

एका प्राचीन देवळाकडे आसपासच्या गावांतून कसं जावं, याची पुस्तिका मीच लिहिली. देऊळ मात्र कधी पाहिलं नव्हतं. फाट्यापुढचा रस्ता ठाऊक नव्हता, म्हणून मनानेच लिहून टाकलं, 'लाल बाकावर एक आजोबा बसतात, ते सांगतील.'

काल बायकोने मला बसमध्ये बसवलंच. "आयुष्यभर लोकांना वाट दाखवलीत, आता मलाही दाखवा!" ती खुशीत होती. थाप उघडी पडणार म्हणून मी घामाघूम.

फाट्यावर लाल बाक होता.

"अहो, तुमचे आजोबा!" ती हरखली.

आजोबा हसत उठले आणि त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली. "आलात एकदाचे! बसा आता इथे. देऊळ मीही अजून पाहिलेलं नाही."