पायांची धूळ

"देवाकडे पक्षपात नाही, तारण सगळ्यांसाठी आहे," असं म्हणत रत्नप्रभाबाई दर रविवारी मुलुंडच्या आपल्या चाळीत दारोदार सुवार्तेची पत्रकं वाटायच्या. धोंडिरामचं दार तेवढं सोडायच्या. सहा वर्षांपूर्वी त्याने दारूच्या नशेत पत्रक फाडून त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. जे घर वचन नाकारेल तिथे पायांची धूळ झटकून निघा, असं बायबलमध्येच लिहिलंय. म्हणून बाईंनी सगळ्या चाळीदेखत त्याच्या उंबऱ्यावर चपला आपटल्या होत्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राग नाही हो माझा. वचनच आहे तसं."

गेल्या महिन्यात लिव्हरने धोंडिराम गेला. चाळीची रीत म्हणून बाई भेटायला गेल्या, आणि सहा वर्षांनी तो उंबरा ओलांडला.

त्याची बायको सोनूबाई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "दारू काय शेवटपर्यंत सुटली नाय ह्यांची. पण रविवारी आंघोळ करून, दार उघडं टाकून बसायचे. म्हणायचे, आज बाई येतील."

बाई तिच्याजवळ खाली बसल्या.



"तुमच्या चपला आमचं दार सोडून पुढच्या दाराशी वाजल्या, की मगच बाटली उघडायचे."